'फ्रॉड' म्हणजे नेमकं काय, आणि हा शब्द आला कुठून?

शब्दशोधक

नमस्कार मंडळी. एका माहितीपत्रकाचं मराठीकरण करतोय. आर्थिक व्यवहारांत सामान्य माणसाला कसं लुबाडलं जातं, हा त्याचा विषय. मूळ मजकुरात 'फ्रॉड' हा एकच शब्द पानोपानी येतो आणि दर वेळी मला मराठीत निराळा शब्द सुचतो. कुठे फसवणूक, कुठे अपहार, कुठे तोतयेगिरी, कुठे नुसती लबाडी. शब्दकोश 'फसवणूक, कपट, लबाडी' असं एका ओळीत सांगून मोकळे होतात.

माझं मत आधीच सांगतो. 'फसवणूक' हा 'फ्रॉड'चा पुरता प्रतिशब्द नाही. मृगजळ फसवतं, आपले डोळे आपल्याला फसवतात. यांतलं काहीच फ्रॉड नाही. फ्रॉडला करणारा माणूस लागतो, त्याच्या मनात ठरवलेला हेतू लागतो आणि समोरच्याचं काहीतरी जावं लागतं. हा अर्थ शब्दात मुळातच होता, की पुढे कायद्याने घातला? शब्दाचं मूळ काय? आपल्याकडच्या एखाद्या शब्दाशी त्याचा सांधा जुळतो का? आणि मराठीत एकच शब्द वापरायचा तर कोणता? जाणकारांनी सविस्तर लिहावं.

रानवाटा

इतका खल कशाला? फ्रॉड म्हणजे फसवणूक. वर्तमानपत्रं रोज हेच लिहितात आणि वाचणाऱ्याला कळतं.

तळटीप

वाचतेय. धागा वाचनखुणांत साठवला.

अक्षरयात्री

रानवाटा, कळतं हे खरं. पण शब्दशोधक यांनी जो तिसरा घटक सांगितला, म्हणजे नुकसान, तो या शब्दाच्या अगदी गाभ्यात आहे.

इंग्रजीत हा शब्द चौदाव्या शतकात फ्रेंचमधून आला आणि फ्रेंचमध्ये लॅटिनमधून. लॅटिन रूप 'फ्राउस', षष्ठीत 'फ्राउदिस'. आपण त्याचा अर्थ सरळ 'कपट' असा लावतो. जुन्या लॅटिनमध्ये मात्र त्याचा अर्थ हानी, तोटा, अंगावर येणारा दोष असाही होता. रोमन लोकांचा सर्वांत जुना लिखित कायदा म्हणजे बारा पाट्यांचा कायदा, इसवी सनापूर्वी ४५०च्या सुमाराचा. त्यात कर्ज बुडवणाऱ्याविषयी एक भयंकर कलम आहे: तिसऱ्या बाजाराच्या दिवशी सावकारांनी त्याचे तुकडे वाटून घ्यावेत, आणि कोणाच्या वाट्याला कमीजास्त आलं तर 'से फ्राउदे एस्तो'. म्हणजे 'त्याचा दोष लागणार नाही'. इथे 'फ्राउस'मध्ये कपटाचा लवलेश नाही. आहे तो दोष आणि त्यामुळे भोगावी लागणारी हानी.

पुढे हळूहळू 'कपटाने केलेली हानी' आणि मग नुसतं 'कपट' असा अर्थ स्थिरावला. म्हणजे नुकसान कायद्याने मागाहून घातलेलं नाही. नुकसान आधी होतं, कपट नंतर आलं.

उंबरठा

अक्षरयात्री, तुमचं वाचून एक गोष्ट चमकली. आपल्याकडे बरोबर उलटा प्रवास झाला आहे!

संस्कृतात 'छल' म्हणजे कपट. हिंदीत आजही तोच अर्थ. मराठीत मात्र 'छळ' म्हणजे जाच. 'सासूने सुनेचा छळ केला' म्हटलं की कोणी कपट समजत नाही, यातनाच समजतो. 'छळकपट' या जोडशब्दात जुना अर्थ जेमतेम तगून आहे. लॅटिनमध्ये हानीचा शब्द कपटाकडे गेला, मराठीत कपटाचा शब्द हानीकडे आला. म्हणजे माणसाच्या मनात या दोन गोष्टी इतक्या चिकटून आहेत की शब्द एकीकडून दुसरीकडे सहज घसरतो.

निशिगंधा

उंबरठाताई, काय सुरेख निरीक्षण! यात आणखी एक भर घालते. लॅटिनमध्ये 'फ्रुस्त्रा' असा शब्द आहे, अर्थ 'व्यर्थ, फुकट'. इंग्रजीतलं 'फ्रस्ट्रेट' त्यावरून आलं. भाषाशास्त्रज्ञ 'फ्रुस्त्रा' आणि 'फ्राउस' यांचं नातं मानतात. आता मराठीतलं 'फसणे' घ्या. बेत फसला, प्रयोग फसला, म्हणजे व्यर्थ गेला. आणि 'फसवणे' म्हणजे दुसऱ्याला तशा अवस्थेत ढकलणे. तिकडे फ्रुस्त्रा आणि फ्राउस, इकडे फसणे आणि फसवणे. दोन्हींचा एकमेकांशी काही संबंध नाही, तरी अर्थाची जोडी तंतोतंत तीच.

तेव्हा 'फसवणूक' हा शब्द शब्दशोधक म्हणतात तितका ढिला नाही, असं माझं मत.

शब्दशोधक

निशिगंधा, हे डोक्यातच आलं नव्हतं. पण 'डोळे फसवतात' याचं काय? 'डोळ्यांनी फ्रॉड केला' असं कोणी म्हणत नाही.

आणि एक शंका. 'द्रोह' आणि 'फ्रॉड' यांचा संबंध आहे का? उच्चारही जवळचा वाटतो, अर्थही.

जुनी_पोथी

द्रोहाचं नातं आहे, पण दुसऱ्या घराण्याशी.

'द्रुह्' धातूचे सख्खे भाऊ म्हणजे जर्मनमधला 'ट्रुग' (फसवणूक), पारशांच्या अवेस्ता या धर्मग्रंथातला 'द्रुज' आणि प्राचीन पर्शियनमधला 'द्रौग'. इराणच्या दारयवहु (डरायस) राजाने इसवी सनापूर्वी ५२०च्या सुमारास बेहिस्तूनच्या कड्यावर जो लेख कोरवला, त्यात राज्यातल्या बंडाळीचं कारण म्हणून हाच शब्द येतो: देशात 'द्रौग' फार माजला. त्याच्या लेखी असत्य आणि राजद्रोह एकच होते. फारसीतून उर्दूत आलेलं 'दरोग' म्हणजे खोटं, आणि 'दरोगहलफी' म्हणजे शपथेवर खोटं बोलणं, हीसुद्धा त्याच कुळातली.

लॅटिन 'फ्राउस' या कुळात नीट बसत नाही. 'द्रोह'मधला 'ह' मूळच्या 'घ'पासून आलेला आहे, आणि 'फ्राउदिस'मध्ये त्या जागी 'द' आहे. ते जुळत नाही.

पण शब्दशोधक, तुम्ही विचारलेला सांधा दुसरीकडे सापडतो. संस्कृत आणि लॅटिन ज्या एका मूळ भाषेतून निघाल्या, तिच्यातला आरंभीचा 'ध' संस्कृतात 'ध' राहतो आणि लॅटिनमध्ये 'फ' होतो. आपला 'धूम' आणि लॅटिन 'फूमुस' (धूर) ही त्याची ठसठशीत जोडी. त्याच वाटेने 'फ्राउस'च्या शेजारी वैदिक संस्कृतातला 'ध्रुति' हा शब्द ठेवला जातो. अर्थ: भुरळ, फसगत, वाट चुकवणं. अभ्यासक हे नातं शक्य मानतात, सिद्ध मानत नाहीत.

हा शब्द ऋग्वेदात कुठे येतो ते पाहा. सातव्या मंडलातलं शहाऐंशीवं सूक्त. वसिष्ठ वरुणापुढे उभा आहे, आपल्या हातून काय पाप घडलं ते विचारतो आहे, आणि म्हणतो:

न स स्वो दक्षो वरुण ध्रुतिः सा सुरा मन्युर्विभीदको अचित्तिः

'वरुणा, ती माझी स्वतःची इच्छा नव्हती, ती ध्रुती होती. मद्य, क्रोध, फासे, अविचार.' इथे ध्रुती बाहेरून येऊन माणसाला गाठते. ती करणारा कोणी ठकसेन समोर नाही. हेतूचा प्रश्नच वसिष्ठाने उलटा केला आहे: हेतू माझा नव्हता, म्हणून मला सोड.

अक्षरयात्री

जुनी_पोथी, क्या बात है. 'धूर्त' शब्दही याच गोतावळ्यातला ना?

जुनी_पोथी

हो. 'धूर्त'चा संबंध 'ध्वृ' / 'धूर्व्' या धातूंशी लावतात. अर्थ वाकवणे, पाडणे, इजा करणे. पुन्हा तेच: इजा आणि कपट एकाच मुळाशी. जुन्या संस्कृतात धूर्त म्हणजे नुसता हुशार नव्हे, ठक आणि जुगारी. मराठीने त्याला बरंच सौम्य केलं. आज एखाद्या राजकारण्याला 'धूर्त' म्हटलं तर त्यात थोडं कौतुकही असतं.

रानवाटा

हे सगळं वाचायला छान आहे. पण माहितीपत्रक वाचणाऱ्याला वसिष्ठाशी काय घेणंदेणं? त्याला हे कळलं पाहिजे की आपल्याबरोबर झालं ते फ्रॉड आहे की नाही. तक्रार करायची की गप्प बसायचं. त्यावर कोणी बोलेल का?

कायदेभान

रानवाटा, योग्य प्रश्न. वकिलीतल्या भाषेत सांगते.

भारतीय करार कायदा, १८७२. त्याच्या १७व्या कलमात 'फ्रॉड'ची व्याख्या आहे आणि तिथे अधिकृत मराठी शब्द 'कपट' असा आहे. समोरच्याला करारात ओढण्यासाठी, स्वतःचा विश्वास नसलेली गोष्ट खरी म्हणून सांगणं. माहीत असलेली गोष्ट मुद्दाम दडवणं. पाळायचं नाही हे ठरवूनच वचन देणं. फसवण्याजोगं दुसरं कोणतंही कृत्य करणं. यातलं वचनाचं कलम मला फार महत्त्वाचं वाटतं. वचन मोडणं हे कपट नाही. देतानाच मोडायचं ठरवलेलं असेल, तर ते कपट. म्हणजे सगळा निवाडा त्या एका क्षणी मनात काय होतं, यावर.

फौजदारी कायद्यात गंमत आहे. जुन्या भारतीय दंड संहितेत 'कपटीपणाने' या शब्दाची व्याख्या अशी: कपट करण्याच्या उद्देशाने केलेली गोष्ट म्हणजे कपटीपणाने केलेली गोष्ट, अन्यथा नाही. शब्दाने शब्द सांगितला, अर्थ तिथेच राहिला. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही व्याख्या अशीच आहे. मग अर्थ द्यायचा कोणी? न्यायालयांनी. साठच्या दशकाच्या सुरुवातीला सर्वोच्च न्यायालयापुढे एक खटला आला. एका आईने आपल्या तान्ह्या मुलीच्या नावावर मोटार घेतली होती आणि विम्याच्या कागदांवर मुलीच्याच नावाने सह्या केल्या होत्या. खोटेपणा उघड होता. पण त्यातून तिला अधिकचं काही मिळालं नव्हतं आणि कोणाचं काही गेलं नव्हतं. न्यायालयाने तिला निर्दोष ठरवलं. सांगितलं की 'डिफ्रॉड' या शब्दात दोन घटक आहेत, फसवणं आणि इजा होणं, आणि ही इजा पैशाचीच असली पाहिजे असं नाही.

अक्षरयात्री यांनी सांगितलेली जुनी लॅटिन हानी बघा, दोन हजार वर्षांनंतर निकालपत्रात परत आली.

हिशेबनीस

कायदेभान मॅडम, मूर्खपणा आणि फ्रॉड यांतली रेषा कुठे? कामात मला रोज हाच प्रश्न पडतो.

कायदेभान

त्यावरचा प्रसिद्ध निकाल इंग्लंडचा, 'डेरी विरुद्ध पीक', १८८९. एका ट्राम कंपनीने माहितीपत्रकात लिहिलं की आम्हाला वाफेवर गाड्या चालवायचा हक्क आहे. त्यासाठी सरकारी मंजुरी लागणार होती, संचालकांना ती मिळणारच असं वाटत होतं. मिळाली नाही, कंपनी बुडाली. भागधारकाने फ्रॉडचा दावा लावला आणि हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये तो हरला. तत्त्व असं ठरलं की विधान खोटं आहे हे माहीत असून केलं, किंवा त्यावर विश्वास नसताना केलं, किंवा खरं की खोटं याची पर्वाच न करता केलं, तर फ्रॉड. मनापासून खरं मानून केलं, तर कितीही निष्काळजीपणा असला तरी फ्रॉड नाही. 'पर्वाच न करता' हे शब्द अधोरेखित करा. 'मला माहीतच नव्हतं' असं म्हणून सुटू पाहणारे पुष्कळ जण तिथे अडकतात.

रानवाटा

आणि गप्प बसणं? समोरचा चुकतोय हे दिसतंय, पण मी तोंड उघडलं नाही. ते फ्रॉड?

कायदेभान

नुसतं मौन फ्रॉड नाही, करार कायदा तसं स्पष्ट म्हणतो. पण बोलणं हे कर्तव्य असेल, किंवा ते मौनच बोलण्यासारखं असेल, तर आहे. विमा घेताना आजार दडवणं हे ठळक उदाहरण.

अक्षरयात्री

मौनावरून आणि देखाव्यावरून एक गोष्ट आठवली. सिसेरो या रोमन वक्त्याने आणि लेखकाने सांगितलेली आहे आणि या विषयावर इतकी नेमकी गोष्ट मी दुसरी वाचलेली नाही.

कानिअस नावाचा एक रोमन सरदार सिसिली बेटावरच्या सिराक्यूज शहरात आला. सुट्टी घालवायला बागेसकट एखादी जागा घ्यावी, असं तो बोलत होता. पिथिअस नावाच्या सावकाराने ते ऐकलं. म्हणाला, माझी बाग विकायची नाही, पण उद्या जेवायला या. मग त्याने कोळ्यांना बोलावलं आणि उद्या सगळ्यांनी माझ्या बागेसमोर मासे धरा, असं सांगून ठेवलं. दुसऱ्या दिवशी कानिअस येतो तो काय, समोर होड्यांची दाटी! जो तो आपला मासा आणून पिथिअसच्या पायाशी टाकतोय. 'हे काय?' 'काय म्हणजे? सिराक्यूजचे सगळे मासे इथेच तर असतात, या लोकांचं माझ्या बागेवाचून चालत नाही.' कानिअस हट्टाला पेटला, सांगेल ती किंमत मोजली, सामानसुमानासकट सगळं विकत घेतलं. दुसऱ्या दिवशी मित्रांना बोलावलं. पाण्यात एक वल्हंसुद्धा दिसेना. शेजाऱ्याला विचारलं, आज कोळ्यांचा सण आहे का? शेजारी म्हणाला, 'नाही हो. इथे कोणीच मासे धरत नाही. काल काय झालं होतं, याचंच मला नवल वाटलं.'

कानिअस संतापला. पण करतो काय? सिसेरो म्हणतो, तेव्हा अशा कपटावर दाद मागायची सोयच कायद्यात नव्हती. ती पुढे अक्विलिअस गालुस या त्याच्या सहकाऱ्याने आणली. त्याला विचारलं की हे 'दोलुस मालुस', म्हणजे दुष्ट कपट, म्हणजे काय? तो म्हणाला: दाखवणं एक आणि करणं दुसरं.

यात लक्षात घ्या, रोमन कायद्यात आज आपण ज्याला फ्रॉड म्हणतो त्याला 'दोलुस मालुस' म्हणत. 'दुष्ट' असं विशेषण लावायचं कारण, 'दोलुस बोनुस'सुद्धा होता: शत्रूला किंवा दरोडेखोराला दिलेला चकवा. 'फ्राउस'चा एक खास उपयोग मात्र पाउलुस या न्यायपंडिताने केला आहे. कायदा जे मना करतो ते करणारा कायदा मोडतो. कायद्याच्या शब्दांना धक्का न लावता जो त्याच्या आशयाला बगल देतो, तो कायद्याशी 'फ्राउस' करतो. आपण ज्याला पळवाट म्हणतो, ती रोमन माणसाला फ्रॉड वाटत होती.

तळटीप

पळवाटेबद्दल वाचून बरं वाटलं. 'नियमात बसतं ना, मग झालं' असं म्हणणाऱ्यांना हे वाक्य ऐकवायला हवं.

जुनी_पोथी

अक्षरयात्री, सिसेरो निघालाच आहे तर त्याच्याच त्या पुस्तकातलं दुसरं वाक्यही घ्या. अन्याय दोन प्रकारे होतो, बळाने आणि कपटाने. बळ सिंहाचं, कपट कोल्ह्याचं. दोन्ही माणसाला न शोभणारी, पण कपट जास्त तिरस्करणीय.

आता याज्ञवल्क्यस्मृती: 'बलोपाधिविनिर्वृत्तान् व्यवहारान् निवर्तयेत्'. बळाने किंवा उपाधीने, म्हणजे कपटाने, घडवलेले व्यवहार राजाने रद्द करावेत. तीच जोडी. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायातही आहे: कपटाचं गहाण, कपटाची विक्री, कपटाचं दान, आणि जिथे जिथे 'उपधि' दिसेल तिथे ते सगळं परत फिरवावं.

कायदेभान

आणि १९५६मध्ये लॉर्ड डेनिंग या इंग्लिश न्यायाधीशांनी म्हटलं, फ्रॉड सगळंच उसवून टाकतो. न्यायालयाचा हुकूमनामा असो की मंत्र्याचा आदेश, कपटाने मिळवला असेल तर टिकत नाही. आपली न्यायालयं हे तत्त्व वारंवार उद्धृत करतात. मनुस्मृतीतलं 'तत्सर्वं विनिवर्तयेत्' (ते सगळं परत फिरवावं) आणि हे, दोन्ही शेजारी ठेवून वाचावीत अशी आहेत.

हिशेबनीस

मी लेखापरीक्षणात आहे. आमच्याकडे पहिली विभागणी अशी: चूक वेगळी, फ्रॉड वेगळा. आकडा दोन्हीकडे खोटाच असतो, फरक हेतूचा. पण हेतू वहीत लिहिलेला नसतो, तो खुणांवरून ओळखावा लागतो. चूक सहसा दोन्ही दिशांना होते. कधी जास्त, कधी कमी. फ्रॉड नेहमी एकाच बाजूला झुकतो. चूक दाखवली की माणूस कागद पुढे करतो. फ्रॉड असेल तर कागद सापडत नाहीत.

आमच्या धंद्यातला मराठी शब्द म्हणजे 'अफरातफर'. मूळ अरबी 'इफ्रात' आणि 'तफ्रीत', म्हणजे अतिरेक आणि उणीव. हिंदीत त्याचा अर्थ गोंधळ, पळापळ असा झाला. मराठीने तो हिशेबाच्या वहीत आणून बसवला: इकडे जास्त, तिकडे कमी, मधले पैसे गायब. हा शब्द मला फार आवडतो.

कौटिल्याने अर्थशास्त्रात अधिकाऱ्यांच्या अपहाराचे चाळीस प्रकार सांगितले आहेत. आलेली रक्कम उशिरा दाखवणं, न दिलेली दिली म्हणून लिहिणं, एकाचं दुसऱ्याच्या नावे टाकणं. यादी वाचताना वाटतं, हा माणूस आमच्या शेजारच्या टेबलावर बसत असणार. पाण्यातला मासा पाणी कधी पितो ते कळत नाही, तसा कामावर नेमलेला माणूस पैसे कधी खातो ते कळत नाही, हे त्याचंच.

आणि माणूस असं करतो का? डोनाल्ड क्रेसी या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने तुरुंगातल्या अपहार करणाऱ्यांशी बोलून १९५३मध्ये यावर पुस्तक लिहिलं. त्याला तीन गोष्टी सापडल्या: कोणाला सांगता न येणारी पैशाची अडचण, विश्वासाच्या जागेमुळे मिळालेली संधी, आणि स्वतःच्या मनाला दिलेलं समर्थन. 'मी उसने घेतोय, परत ठेवीन.' तिसरी सर्वांत घातक, कारण तिथे माणूस आधी स्वतःला फसवतो.

उंबरठा

हिशेबनीस, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. मग शब्दशोधक यांच्यासाठी हे लक्षात ठेवावं लागेल की अपहारात आधी विश्वास असतो आणि पैसे आधीच हातात असतात. फसवणुकीत ते आपल्याकडून आपल्याच हाताने काढून घेतले जातात. एकच 'फ्रॉड' शब्द दोन्हींना चालतो, मराठीला दोन लागतात. ही आपली श्रीमंती आहे, अडचण नव्हे.

निशिगंधा

अवांतर: विश्वासावरून. इंग्रजीत 'कॉन मॅन' म्हणतात त्यातलं 'कॉन' म्हणजे कॉन्फिडन्स. १८४९मध्ये न्यूयॉर्कमध्ये विल्यम थॉम्पसन नावाचा माणूस पकडला गेला. तो सभ्य कपड्यांत अनोळखी लोकांशी गप्पा मारायचा आणि विचारायचा, उद्यापर्यंत तुमचं घड्याळ माझ्याकडे ठेवण्याइतका विश्वास आहे का तुमचा माझ्यावर? लोक देत, आणि तो चालता होई.

आणि आपला 'ठग' तर इंग्रजीत जाऊन 'थग' झाला, तिथे फसवणूक गळाली आणि नुसती दांडगाई उरली. मूळ संस्कृत 'स्थग्', झाकणे. ठक म्हणजे झाकणारा!

मनमोकळा

आमचा आवडता शब्द चारसोबीस. कायदा बदलला, कलमाचा क्रमांक ३१८ झाला, पण कोणाला 'तीनशेअठरा' म्हणून पाहा. समोरचा थँक्यू म्हणेल. :)

बाकी भामटा, लफंगा, तोतया... मराठीत तोटा नाही. 'भामटा' मला नेमका वाटतो, माहितीपत्रकात चालेल.

उंबरठा

मनमोकळा, 'भामटा' कृपया नको. ते एका समाजाचं नाव आहे. इंग्रजांनी १८७१च्या कायद्याने कितीतरी जमातींवर जन्मतः गुन्हेगार असा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये गेला, पण नावाला लागलेला डाग भाषेत तसाच राहिला. सरकारी माहितीपत्रकांत हा शब्द दिसला की मला फार वाईट वाटतं.

मनमोकळा

पण आज बोलताना कोणाच्या मनात समाज नसतो. शब्द अर्थ बदलतात, तुम्हीच 'छळ'चं उदाहरण दिलंत.

उंबरठा

बोलणाऱ्याच्या मनात नसतो. ज्याच्या दाखल्यावर तो शब्द जातीच्या रकान्यात लिहिलेला आहे, त्याच्या मनात असतो. 'छळ' कोणाचं आडनाव किंवा जात नाही. मराठीत ठक आहे, ठकसेन आहे, लबाड आहे. या एका शब्दावाचून अडत नाही.

तळटीप

उंबरठाताईंशी पूर्ण सहमत.

शब्दशोधक

मी तो शब्द वापरणार नाही. उंबरठा, आभार.

आरसपानी

माझा प्रश्न थोडा वेगळा. आपण 'त्याने फ्रॉड केला' म्हणतो तसं 'तो फ्रॉड आहे' असंही म्हणतो. कृत्य आणि माणूस, दोन्हींना एकच शब्द. हे चुकीचं मराठी आहे का?

आणि मनातलं सांगते. नव्या कामात मला सतत वाटतं की मी फ्रॉड आहे. सगळे मला हुशार समजतात आणि एक दिवस उघडं पडणार.

अक्षरयात्री

आरसपानी, चुकीचं मुळीच नाही. इंग्रजीत माणसाला 'फ्रॉड' म्हणणं एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापासून दिसतं, पण लॅटिन नाटकांत 'फ्राउस' ही ठकसेनाला दिलेली शिवी होतीच. मराठीने नकळत जुनी वाट पुन्हा धरली.

कायदेभान

आरसपानी, तुमच्या दुसऱ्या वाक्याबद्दल. पॉलीन क्लॅन्स आणि सुझॅन आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८मध्ये नेमक्या याच भावनेवर शोधनिबंध लिहिला. त्यांनी अभ्यासलेल्या स्त्रिया उत्तम काम करणाऱ्या होत्या आणि तरी आपण लोकांना फसवतोय असं त्यांना वाटत होतं. तुम्ही वरचे निकष लावून बघा. खोटं विधान? नाही. हेतू? नाही. कोणाचं नुकसान? नाही. एकही घटक जुळत नाही. या खटल्यात तुम्ही निर्दोष आहात, हे अगदी गंभीरपणे सांगते आहे.

आरसपानी

हे वाचून डोळ्यांत पाणी आलं. मनापासून आभार.

रानवाटा

धागा कुठल्या कुठे गेला, पण चांगल्या ठिकाणी गेला. शब्दशोधक, मग ठरलं काय?

शब्दशोधक

सगळ्यांचं वाचून असं ठरवलं. माझं मूळ मत कायम आहे, पण 'फसवणूक' मी नाकारणार नाही. निशिगंधा यांचा फसणे-फसवणे मुद्दा पटला, आणि 'डोळे फसवतात' हा अर्थ 'आर्थिक फसवणूक' म्हटल्यावर आपोआप बाहेर पडतो. करारांविषयीच्या पानावर 'कपट', कारण कायद्याचा शब्द तोच. विश्वासाने सोपवलेले पैसे खाल्ले तर 'अपहार'. दुसऱ्याचं नाव घेऊन बोलणाऱ्याला 'तोतया'. पानिपतानंतर भाऊसाहेबांच्या नावाने उभा राहिलेला तोतया मराठी माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. 'फ्रॉड' हा शब्द शीर्षकात ठेवतो, कारण लोक शोधताना तोच शोधतात.

एक परिच्छेद इथे टाकतो, बघा:

'बँकेतून बोलतोय असं सांगणारा तोतया घाई करतो, भीती घालतो आणि गुप्त क्रमांक विचारतो. बँक असा क्रमांक कधीच विचारत नाही. आर्थिक फसवणुकीत फसलेल्या व्यक्तीने ताबडतोब १९३० या क्रमांकावर फोन करावा.'

हिशेबनीस

उत्तम. 'ताबडतोब'नंतर 'पैसे पुढच्या खात्यात जाण्याआधी' असं घाला. वेळेचं महत्त्व त्याशिवाय कळत नाही, लोक दुसऱ्या दिवशी फोन करतात.

निशिगंधा

एकच दुरुस्ती सुचवते. 'फसलेल्या व्यक्तीने' नको, 'फसवल्या गेलेल्या व्यक्तीने' लिहा. 'फसलेली' म्हटलं की दोष तिच्या बाजूला सरकतो आणि लाजेपायी माणूस तक्रारच करत नाही.

शब्दशोधक

दोन्ही बदल केले. करारांचं पान झालं की तेही इथे टाकतो. कायदेभान, त्यावर एकदा नजर टाकाल का?

कायदेभान

जरूर. मौनाचा भाग विसरू नका.